दवाखान्याचा खर्च आणि आपले हक्क

पांढुर्णा-सौंसरकडचा दुखणेकरी पुष्कळदा नागपूरला न्यावा लागतो. त्या वेळी शेतकरी बंधुभगिनींना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आम्ही येथे देत आहोत.

पोलीस येईपर्यंत जखमीचे उपचार थांबवता येतात काय?
नाही. डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, त्याने आधी जीव वाचवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले.

सरकारी दवाखान्याने ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवले तर?
१९९२ साली बंगालमधील शेतमजूर संघटनेचे सभासद हकीम शेख आगगाडीतून पडले. सरकारी इस्पितळांनी त्यांना दाखल केले नाही. खाजगीत सुमारे १७,००० रुपये लागले. १९९६ मध्ये न्यायालयाने सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली.

पैसे घेऊन उपचारात हयगय झाली तर?
दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणून पावत्या व तपासणीचे कागद जपून ठेवावेत.

आयुष्मान कार्ड नागपुरात चालते काय?
योजनेशी जोडलेल्या दवाखान्यात चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. भरती होतानाच कार्ड दाखवावे, बैल विकण्याची वेळ येऊ देऊ नये.