नुसते विचारणे पुरेसे नाही

छातीत दुखते म्हणून, हात मोडला म्हणून किंवा ताप उतरत नाही म्हणून माणूस कॅज्युअल्टीत येतो. नाडी, रक्तदाब, तापमान यांची नोंद होते. 'अलीकडे जगणे नकोसे वाटले का?' हे मात्र सहसा कुणी विचारत नाही आणि रुग्णही आपण होऊन सांगत नाही. विचारल्याने नको तो विचार मनात येईल, ही भीती सार्वत्रिक आहे. संशोधनात तिला आधार सापडलेला नाही.

प्रत्येक प्रौढ रुग्णाला हा प्रश्न विचारला तर काय घडते, हे अमेरिकेतील आठ आपत्कालीन विभागांत 'ईडी-सेफ' या अभ्यासाने तपासले. विचारपूस झालेल्या भेटींचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर गेले, तर जोखीम आढळण्याचे प्रमाण २.९ वरून ५.७ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट झाले.

खरा धडा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आहे. जोखीम असलेल्या १,३७६ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेण्यात आला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे २३ टक्के रुग्णांनी त्या काळात आत्महत्येचा प्रयत्न केला. केवळ विचारपूस वाढल्यानंतरच्या गटात हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपासच राहिले. विचारपुशीला पुढील मदतीची जोड मिळालेल्या गटात मात्र ते सुमारे १८ टक्क्यांवर आले.

ही मदत काही खर्चिक यंत्रांची नव्हती. डॉक्टरांनी जोखमीची पुन्हा पारख करायची. संकटाची चाहूल कशी ओळखावी, कुणाला फोन करावा, घर सुरक्षित कसे ठेवावे, हे रुग्णाने स्वतः कागदावर लिहायचे. घरी गेल्यावर वर्षभरात त्याला सातपर्यंत आणि त्याच्या जवळच्या व्यक्तीला चारपर्यंत फोन करायचे. आपल्याकडे डिस्चार्जचा कागद हाती पडला की रुग्णालयाचा संबंध बहुधा संपतो, हे येथे आठवावे.

भारतात आणखी एक अडसर होता, तो कायद्याचा. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा असल्याने 'अपघात झाला' असे सांगण्याकडे कुटुंबाचा कल असे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. जुने कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत आलेलेच नाही. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यामुळे डॉक्टरांना खरे कारण सांगताना पूर्वीइतके बिचकण्याचे कारण उरलेले नाही.

स्वतःसाठी किंवा आप्तासाठी मदत हवी असल्यास केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.