निरभ्र रात्रींचा धोका

हिमस्खलन म्हटलं की आपल्याला वादळ आठवतं. पण अनेकदा त्याची तयारी होते ती त्याआधीच्या निरभ्र, शांत रात्रींत. म्हणजे पुण्या-मुंबईहून केदारकांठ्याला गेलेला ट्रेकर ‘हवा मस्त आहे’ असा मेसेज घरी पाठवतो, तेव्हाच.

हिवाळ्याच्या सुरुवातीला डोंगरावर बर्फाचा थर पातळ असतो. खालची जमीन त्याला साधारण शून्य अंशावर धरून ठेवते. वर मात्र ढगांचं पांघरूण नसल्याने पृष्ठभागाची उष्णता आकाशात निघून जाते आणि पारा उणे पंधरापर्यंत उतरतो. दर दहा सेंटिमीटरमागे एक अंशाहून जास्त फरक पडला, की थरातली वाफ वेगाने वर सरकू लागते. ती वाटेतल्या कणांवर गोठते आणि त्यांचे टोकदार, सुटे स्फटिक बनतात. मूठभर उचलले, तर साखरेसारखे बोटांतून ओघळतात. त्यांचा गोळा होत नाही. खरी मेख इथेच आहे.

मग पश्चिमेकडून हिवाळी वादळ येतं, म्हणजे पश्चिमी विक्षोभ. गुलमर्गच्या अफरवाट शिखराकडच्या उतारांवर नवा बर्फ साचतो, वारा तो दाबून घट्ट लादी करतो. त्या लादीवर स्की करणाऱ्या एकट्याच्या वजनानेही खालचा ठिसूळ थर बसू शकतो. तडा क्षणात दूरवर पळतो आणि लादी बहुधा माणसाच्या वरच्या बाजूला तुटते. त्यामुळे निसटायला जागा राहत नाही. सर्वाधिक धोका तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर. त्याहून उभ्या कड्यांवर बर्फ फारसा साठतच नाही, थोडाथोडा घसरत राहतो. सह्याद्रीत कडा जितका उभा तितकी धास्ती जास्त. बर्फाच्या उतारांवर ते गणित चालत नाही.

चंडीगडची ‘डीजीआरई’ ही डीआरडीओची संस्था हिवाळ्यात जिल्हावार इशारे देते. ते वाचावेतच. पण आपल्या पायाखालच्या उतारात काय दडलंय, ते खड्डा खणून थर पाहिल्याशिवाय कळत नाही.

गाडला गेलेला माणूस बहुधा थंडीने नव्हे, गुदमरून मरतो. स्वित्झर्लंडमधल्या जुन्या नोंदींनुसार पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचले. पस्तीस मिनिटांनंतर जेमतेम एक तृतीयांश. सोबत्यांकडे शोधयंत्र आणि फावडं हवं, ते यासाठी. खालून मदत येईपर्यंत ही वेळ टळलेली असते. याला अपवादही असतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडातल्या माणाजवळ सीमा सडक संघटनेच्या तळावर बर्फ कोसळला. ५४ कामगारांपैकी आठ जण दगावले, ४६ वाचले. काहींना तर दुसऱ्या दिवशी जिवंत बाहेर काढलं. ते राहत होते लोखंडी कंटेनरमध्ये, आणि आत श्वासापुरती हवा शिल्लक होती.