एक ठिपका म्हणजे हजार

"सुरुवातीची सोडून द्यायची, मधली डबीत धरायची, डबी काठोकाठ भरायची नाही."

वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला, बाजार रोडच्या बाजूच्या एका गल्लीत तळमजल्यावर एक पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथल्या काउंटरवर सकाळी सात ते दहा हे वाक्य सतत ऐकू येतं. सांगणारी मुलगी आवाज खाली आणत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्या बायकाच ओशाळून इकडेतिकडे बघतात. चिंबईची कोळीण असो, पाली हिलवर स्वयंपाकाला जाणारी मावशी असो की बीकेसीत नोकरीला असलेली, गळ्यात आयकार्ड लटकवलेली मुलगी असो, डबी हातात आली की प्रत्येकीची पहिली हालचाल एकच: ती पदराखाली, ओढणीखाली नाहीतर पर्समध्ये लपवायची.

मी तिथे गेले ते एका वाक्याचा माग काढत. ओळखीच्या, नात्यातल्या कितीतरी बायकांकडून ते ऐकलं होतं. "थायरॉइड निघाल्यापासून मला सारखी उन्हाळी लागते." उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ; डॉक्टरांच्या भाषेत युरिन इन्फेक्शन, आणि वर्षातून तीनदा किंवा सहा महिन्यांत दोनदा झालं तर 'वारंवार होणारं'. गळ्यातली एक छोटी ग्रंथी मंदावते आणि त्रास थेट ओटीपोटात होतो, हे खरं असू शकतं का?

लॅबच्या मायक्रोबायोलॉजिस्ट बाईंना सगळे मॅडम म्हणतात. प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, "थायरॉइडचं नंतर बोलू. इन्फेक्शन होतं की नव्हतं हे कसं ठरतं, ते आधी बघा. निम्म्या वेळा तेच कोणी बघत नाही." आणि आतल्या खोलीत एक स्टूल दिलं.

आतल्या खोलीत एकाच बाईचे दोन नमुने दोन दिशांना जातात. पिवळ्या टोपणाची रक्ताची नळी अर्धा तास उभी राहते, रक्त साकळतं, मग ती यंत्रात गरगर फिरते आणि वर आलेला पिवळसर सीरम टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की वर जाणारं संप्रेरक, मोजणाऱ्या मशीनमध्ये जातो. तासाभरात आकडा तयार. लघवीची डबी मात्र दुसऱ्या टेबलावर, आणि तिथे घाईला जागा नाही.

टेक्निशियन ताई आधी डबीवरची वेळ बघते. पूर्वेच्या सरकारी वसाहतीतून, खेरवाडीतून, बेहरामपाड्यातून स्कूटरवर नमुने आणणारा मुलगा पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला आणि पेटीत बर्फाची पिशवी नसली, तर नमुना बाद. कारण साधं आहे. सोयीची ऊब मिळाली की ई. कोलाय हा जंतू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. मिलिलिटरला दोन हजार जंतू असलेली लघवी दोन तास तशीच राहिली तर हिशेब सव्वा लाखाच्या पुढे जातो. म्हणजे इन्फेक्शन मूत्राशयात न होता स्कूटरवरच्या पेटीत होतं, आणि गोळ्या बाईला खाव्या लागतात.

मग पट्टी. रंगीत चौकोनांची प्लॅस्टिकची पट्टी लघवीत बुडवून काढायची आणि बाटलीवरच्या रंगांशी ताडायची. एका पट्टीवरचा साखरेचा चौकोन झर्रकन गडद झाला. "ही डायबेटिसची ती नवी गोळी घेत असणार, साखर लघवीतून बाहेर टाकणारी," ताई न बघताच म्हणाली. फॉर्म उलटून पाहिला, खरंच डापाग्लिफ्लोझिन लिहिलं होतं. त्या गोळीने बायकांना खाली बुरशीची खाज सुटू शकते, तिथे लघवी लागली की जळजळतं, आणि तेही घरच्या भाषेत इन्फेक्शनच ठरतं.

उरलेल्या लघवीतली थोडी फिरवून, तळाशी बसलेला गाळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली. मलाही बघू दिलं. गोल, दाणेदार, एकमेकींना चिकटलेल्या पस सेल्स. आणि मध्येच मोठ्या, चपट्या, कोपरे दुमडलेल्या कागदासारख्या पेशी. त्या त्वचेच्या. त्या फार दिसल्या की समजायचं, 'मधली' धरलेली नाही, बाहेरचं मिसळलं आहे. काउंटरवरच्या मुलीच्या मोठ्या आवाजाचं महत्त्व मला तिथे कळलं.

खरं काम त्यापुढचं. ताई बर्नरवर तारेचं लहानसं कडं लाल होईपर्यंत तापवते, थंड होऊ देते, डबीत उभं बुडवून काढते. त्या कड्यात बरोबर एक मायक्रोलिटर लघवी मावते, मिलिलिटरचा हजारावा भाग. जंतू वाढवायच्या निळसर-हिरव्या आगरच्या ताटलीवर मध्यातून एक सरळ रेघ, मग तिला छेदत आडव्या रेघा, वरपासून खालपर्यंत, मनगट जराही न दाबता. ताटली उपडी करून ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. हेच कल्चर. उद्या सकाळपर्यंत विसरायचं.

दुसऱ्या दिवशी ताटल्या बाहेर निघाल्या तेव्हा खोलीत एक उग्र, आंबूस वास पसरला. ताईला तो जाणवतही नव्हता. ई. कोलायने निळसर आगर पिवळं करून टाकलेलं. पिवळे ठिपके एकेक करून मोजायचे. एक ठिपका म्हणजे मिलिलिटरला हजार जंतू, कारण कड्यात हजारावा भागच आला होता. शंभर ठिपके म्हणजे एक लाख. इन्फेक्शन म्हणायचा हा लाखाचा उंबरठा १९५०च्या दशकात बोस्टनमधल्या एडवर्ड कॅस यांनी घालून दिला, आणि अजूनही तो डॉक्टरांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. लक्षणं स्पष्ट असतील तर त्याहून खूप कमी ठिपकेही खरे असू शकतात हे नंतर दिसून आलं. म्हणून मॅडम फॉर्मवर जळजळ, ताप, कळ असं काही लिहिलंय का ते शोधतात. बहुतेक फॉर्मवर काहीच लिहिलेलं नसतं.

इथेच मला काकू भेटल्या. पूर्वेच्या वसाहतीत उभी हयात गेलेल्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या, पंचावन्नच्या पुढच्या. वर्षभरात चार वेळा जळजळ. नवीन टीएसएच १८, म्हणजे साधारण ४च्या आसपास असलेल्या वरच्या मर्यादेच्या चौपटीहून जास्त. थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणं सगळं होतं. केसांसाठी त्या बायोटिनच्या गोळ्या घेत होत्या. ताईने रक्त घ्यायच्या आधी दोन दिवस त्या बंद करायला लावल्या होत्या, कारण काही मशीनमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो. थायरॉइडमुळे केस गळतात, केसांसाठी बायोटिन, आणि बायोटिनमुळे थायरॉइडच झाकला जातो! या फेऱ्यात कितीजणी अडकलेल्या असतील कोण जाणे.

काकूंच्या ताटलीवर मात्र एकही ठिपका नव्हता.

"गोळी घेतली होती का?" मॅडमनी विचारलं.

"दोनच. मागच्या वेळच्या उरल्या होत्या."

दोन गोळ्यांनी लघवीतले जंतू लपतात. ते मेलेच असं नाही. रिपोर्टवर 'वाढ नाही' छापलं जातं आणि त्याचा अर्थ काहीच होत नाही. त्याआधीच्या चारही वेळा कल्चर झालंच नव्हतं. एकदा कल्चरचे पैसे जास्त वाटले, एकदा दोन दिवस थांबायची तयारी नव्हती, दोनदा केमिस्टने थेट गोळ्यांचा पत्ता काढून दिला. म्हणजे 'चार इन्फेक्शन' हा आकडा काकूंच्या आठवणीतला होता, कागदावर एकही नव्हतं. अशा आठवणींवर थायरॉइडचा गुन्हा सिद्ध करायचा तर कठीणच.

तरी थायरॉइडवरचा संशय निराधार नाही. संप्रेरक कमी पडलं की शरीरातले बरेच स्नायू आळशी होतात. आतडं मंदावतं म्हणून बद्धकोष्ठता. हेच मूत्राशयाच्या स्नायूचं झालं, तर पिशवी पुरती रिकामी होत नाही, तळाशी उरलेल्या लघवीत जंतूंना राहायला जागा मिळते. आतडं तुंबलेलं असेल तर तेही मूत्राशयावर दाब देतं. थायरॉइडचं अगदी टोकाचं, बेशुद्धीपर्यंत नेणारं रूप म्हणजे मिक्सिडिमा कोमा. त्यात मूत्राशय निकामी होऊन लघवी अडल्याचं वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. उलटी बाजू त्याहून महत्त्वाची. उपचार न झालेल्या थायरॉइडच्या वयस्कर बाईला त्या कोमात ढकलायला बऱ्याचदा एखादं इन्फेक्शनच कारणीभूत ठरतं, लघवीचंसुद्धा, आणि तिला ताप येईलच असं नाही. अंग थंड, बोलणं जड, आणि घरचे म्हणतात, वयामुळे असेल.

पण काकूंचं प्रकरण टोकाचं नव्हतं, आणि सौम्य थायरॉइडमुळे वारंवार इन्फेक्शन होतं असं ठामपणे म्हणावं इतका पुरावा नाही. योगायोगाला मात्र भरपूर वाव आहे. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई-गोव्यासह आठ शहरांतल्या प्रौढांच्या तपासणीत जवळपास ११ टक्के लोकांचा थायरॉइड मंदावलेला निघाला, बायकांमध्ये जास्त. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीतले संरक्षक जिवाणू घटतात आणि ई. कोलायला वाट मोकळी मिळते. त्या जागी लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने वारंवारची इन्फेक्शनं बरीच कमी होतात हे १९९३मध्येच दिसून आलं होतं. पन्नाशीनंतर या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला येणं मुळीच दुर्मीळ नाही. आणखी एक गंमत: मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या मोठ्या आजारातून उठताना टीएसएच काही काळ आपोआप वर जाऊ शकतो. तेव्हाच रक्त काढलं तर इन्फेक्शनचा परिणाम त्याचं कारण म्हणून मिरवतो.

आणि मुंबईत लघवी धरून ठेवणं हे वेगळंच प्रकरण. काकू नोकरीच्या काळात घरून निघाल्यावर पाणीच पीत नसत, दुपारपर्यंत 'जायची' वेळ येऊ नये म्हणून. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, या उघड अन्यायाविरुद्ध २०११मध्ये कोरो आणि इतर संस्थांनी मुंबईत 'राइट टू पी' मोहीम उभी केली. तिच्यातल्या कार्यकर्त्या मुमताज शेख यांचं नाव २०१५मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत आलं. टीएसएच तपासून मिळतो, पण तीस वर्षं लघवी धरून ठेवल्याचा रिपोर्ट कुठलं मशीन देणार?

मॅडमनी काकूंना बजावून सांगितलं: परत जळजळ झाली तर एकही गोळी न घेता आधी इथे. ती वेळ थोड्याच दिवसांत आली. या वेळी ताटली पिवळीधमक झाली, लाखाच्या वर, शुद्ध ई. कोलाय. मग सेन्सिटिव्हिटी. ठिपक्यातले जंतू सलाइनमध्ये ठराविक गढूळपणा येईपर्यंत कालवायचे, कापसाच्या बोळ्याने फिकट आगरभर सारवायचे आणि वर चिमट्याने औषधात भिजलेल्या कागदाच्या सहा मिलिमीटरच्या चकत्या ठेवायच्या. रात्रभरात आगरवर जंतूंचा पांढुरका थर चढतो आणि जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल उरतो. ताईने पट्टी लावली. नायट्रोफ्युरँटॉइनभोवती २१ मिलिमीटर. फॉस्फोमायसिनभोवतीही ऐसपैस गोल. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चकतीला मात्र थर थेट चिकटलेला, गोलाचा मागमूस नाही.

काकूंनी पिशवीतून जुने पत्ते काढून टेबलावर ठेवले. सिप्रो, ओफ्लॉक्सॅसिन, परत सिप्रो. एकाच घराण्याची औषधं, आणि त्या घराण्याला हा जंतू दाद देत नव्हता.

मॅडमचा अंदाज असा की ही चार इन्फेक्शनं मुळात चार नसावीत. एकच असेल, दर वेळी अर्धवट दबलेलं आणि पुन्हा डोकं वर काढणारं. जुनी कल्चर असती तर तोच जंतू परत येतोय की नवा, हे ताडून पाहता आलं असतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात थायरॉइडपेक्षा तो पत्ता कापून देणारा केमिस्टचा हात मोठा आरोपी आहे. पण थायरॉइड निर्दोष सुटला असंही नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफीत लघवी करून आल्यानंतर पिशवीत किती उरते ते मोजायला सांगितलं, तर १४० मिलिलिटर उरलेली निघाली. साधारण ५०च्या आत असावी. आता ही पिशवी थायरॉइडने आळसावली, वर्षानुवर्षांच्या धरून ठेवण्याने ताणली, की बद्धकोष्ठतेने दबली, हे कोण सांगणार?

डॉक्टरांनी तो वाद घातलाच नाही, सगळं एकदम सुरू केलं. पाच दिवस नायट्रोफ्युरँटॉइन, जेवणानंतर. थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, पहाटे उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी. कॅल्शियमची गोळी चार तास लांब. रात्री इसबगोल. इस्ट्रोजेनचं क्रीम. दर तीन तासांनी, लागो न लागो, लघवीला जायचं आणि उठायच्या आधी पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी परत, कारण त्याआधी तो आकडा खरा ठरत नाही.

पुढच्या टीएसएचला काकू आल्या तेव्हा आकडा ६वर आला होता, आणि मधल्या काळात जळजळ झाली नव्हती. पाच उपाय एकाच वेळी चालू असताना श्रेय कुणाला द्यायचं, असं मी मॅडमना विचारत होते. काकूंनी ते ऐकलं आणि मध्येच बोलल्या, "अहो, धन्याजिऱ्याचं पाणी सुरू केलंय ना मी!"