हजेरी कोणाची, चौकशी कोणाची?

तापी-गोमाईच्या संगमावरच्या या गावात आज आपण एका साध्या शब्दाचा विचार करू. शब्द आहे हजेरी. गुरुजी नाव घेतात, पोरगं 'हजर' म्हणतं, पटावर खूण होते. पण त्या हाकेत एक प्रश्न असतो: बाळा, बरा आहेस ना? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हा प्रश्न विचारायची रोजची जागाच गेली.

'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी मोहीम राज्यात निघाली. धडे मोबाइलवर आले. आता आम्ही तत्त्वज्ञानवाले जरा तर्काने बघतो. मोबाइलवर दिसला तो हजर, हे मान्य. न दिसलेल्याबद्दल मात्र काहीच सिद्ध होत नाही. घरात एकच फोन असेल आणि तो बापाबरोबर कामावर गेला असेल. धडगावच्या डोंगरात रेंज नसेल. कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलं असेल. मुलीचं लग्नही ठरलं असेल. इतक्या निरनिराळ्या गोष्टींवर एकच 'गैरहजर' शिक्का मारला, की आपल्याला काही कळत नाही, आणि कळलं असं मात्र वाटतं.

दुसरी बाजू पोटाची. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ धरतात, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. शाळा बंद झाली तेव्हा ताटही बंद झालं. १८ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून याची दखल घेतली. पुढे तांदूळ नि डाळी पालकांच्या हातात दिल्या गेल्या. आता बघा, धान्य न्यायला कोणत्या घरून कोणीच आलं नाही, हीसुद्धा हजेरीच की! मोबाइलच्या हजेरीपेक्षा ती जास्त खरं सांगते.

मग चौकशी करायची कोणी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हे सांगून ठेवलंय. कलम ९ प्रमाणे आपल्या हद्दीतल्या प्रत्येक मुलाच्या हजेरीवर लक्ष ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम. कलम २४ प्रमाणे शिक्षकाने पालकांना नियमित भेटून मुलाच्या हजेरीबद्दल बोलायचं. शाळेला कुलूप लागलं म्हणून ही कलमं रद्द होत नाहीत.

पण लक्ष ठेवणं आणि पाळत ठेवणं यात फरक आहे. दारात जाऊन 'पोरगं का येत नाही?' असं दरडावलं, की माणसं लपवतात. 'घरी सगळे बरे ना? धान्य पोचलं का?' असं विचारलं, की बोलतात. एखादीचं लग्न ठरल्याचं त्यातूनच कळतं, आणि वेळेत कळलं तर ग्रामसेवकाला सांगता येतं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. १०९८ वर फोनही करता येतो.

ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले. 'मिशन झिरो ड्रॉपआउट' म्हणून शाळाबाह्य मुलांचा घरोघरी शोध झाला तो जुलै २०२२ मध्ये. शोध चांगलाच, पण तोवर दोन वर्षं उलटली होती.

म्हणून आपण एवढं करू. हजेरीपटाशेजारी एक वही ठेवू: मूल कोणतं, कुटुंब कोणत्या महिन्यात कुठे जातं, निरोप कोणाकडे द्यायचा. पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. ऊसतोड मात्र दरसाल दिवाळीच्या आसपास सुरू होते. सराव करायला तेवढं पुरे.