म्हातारपणी ‘वात’ होतो तेव्हा मेंदूत काय घडते

अबुधाबी शहराच्या पश्चिमेला, आखाताच्या काठी, रुवैस नावाचे तेलशुद्धीकरणाचे गाव आहे. नोकरीसाठी येथे राहणाऱ्या मुलांकडे आईवडील महिना-दोन महिने येतात. अशा घरांतला नेहमीचा प्रश्न असा: कालपर्यंत हिशेब तोंडपाठ सांगणारी आई आज मुलालाच “तू कोणाचा?” असे विचारते, हा स्मृतिभ्रंश का?

बहुधा नाही. आपल्या आजीकडे याला शब्द होता: वात झाला. डॉक्टर डेलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश हळूहळू, वर्षांच्या हिशेबाने वाढतो. वात दिवसा-दोन दिवसांत येतो, कमीजास्त होतो, रात्री वाढतो. नवल असे की मूळ कारण पुष्कळदा डोक्याबाहेर असते: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, खुब्याचे ऑपरेशन, नवे औषध, अंगातले पाणी कमी होणे.

मेंदूत चेतापेशींना सांभाळणाऱ्या पेशीही असतात. जर्मन डॉक्टर विर्खो यांनी 1856 साली त्यांना ‘ग्लिया’, म्हणजे चिकटवणारा डिंक, असे नाव दिले. अन्यायच तो! त्यांतल्या मायक्रोग्लिया या रखवालदार आहेत. स्पेनचे रिओ-होर्तेगा यांनी त्या 1919 साली वेगळ्या ओळखल्या. ॲस्ट्रोसाइट या ताऱ्यासारख्या पेशी घर चालवतात: चेतापेशींना पोसतात, सांडलेली रसायने उचलतात.

दोघी एकमेकींशी रसायनांच्या निरोपांनी बोलतात. पोटात किंवा छातीत संसर्ग झाला की जंतू मेंदूत न शिरताही रक्तातून खबर पोहोचते आणि रखवालदार उठतात. 2017 साली स्टॅनफर्डच्या शेन लिडेलो आणि बेन बॅरेस यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की भडकलेल्या मायक्रोग्लिया तीन रसायने सोडतात. ती मिळताच ॲस्ट्रोसाइट सांभाळण्याचे काम टाकतात आणि चेतापेशींनाच मारक होतात. वय वाढले की रखवालदार आधीच बिथरलेले असतात, असे प्राण्यांवरील प्रयोग सांगतात. म्हणून तरुणाला जो ताप दोन दिवस निजवतो, तो सत्तरी-ऐंशीत भान हरपवू शकतो.

पण हे बोलणे नेहमी घातकच असते असे नाही. अल्झायमर झालेल्या उंदरांत ॲस्ट्रोसाइट उलटा निरोप धाडून मायक्रोग्लियांना साफसफाईला लावतात, असे 2021 साली आढळले. रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत इदो अमित आणि मिखाल श्वार्त्झ यांच्या गटांनी 2017 साली मेंदूतल्या कचऱ्याभोवती जमणाऱ्या खास मायक्रोग्लियाही ओळखल्या. तेव्हा दाह सरसकट दाबणे हा उपाय नव्हे. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी अल्झायमर टळतो का, हे मोठ्या चाचणीत पाहिले गेले; फायदा दिसला नाही. स्वतःच्या मनाने त्या घेऊ नयेत.

मग हाती काय आहे? बाहेरचे कारण लवकर शोधणे. रुवैसला उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, एसीत तहान कळत नाही, आणि उतारवयात तहान मुळातच कमी लागते. पाणी पुढे करावे लागते. अचानक बडबड किंवा गुंगी दिसली तर “वय झाले” म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. केव्हापासून बदल झाला ते सांगा, गोळ्यांची यादी दाखवा. वात झालेला माणूस गप्पगप्पही होतो. तो ओळखणे जास्त अवघड.

हॉस्पिटलात चष्मा आणि कानाचे यंत्र जवळ ठेवा. इस्रायलमधल्या घरांना एक विशेष सांगणे आहे. आजारात पुष्कळ जुन्या माणसांची हिब्रू मागे पडते. नर्सने हिब्रूत दिवस विचारला, उत्तर आले नाही, आणि समज गेली असे कागदावर लिहिले गेले, असे होऊ नये. तोच प्रश्न मराठीत विचारणारे कोणीतरी खाटेजवळ बसलेले असावे.