नवीन छोटं पिस्तूल सारखं का अडकतं? जॅमचं डिबगिंग, स्टेप बाय स्टेप



बीजीएमआयमध्ये मॅगझिन बदललं की बंदूक पुन्हा चालू. काडतूस कधी अडकत नाही, गोळी कधी फुसकी निघत नाही. खऱ्या पिस्तुलात हे सगळं होतं, आणि नव्याकोऱ्या छोट्या पिस्तुलात जरा जास्तच होतं. मागच्या वर्षी कंपनीच्या कामासाठी मी टेक्सासला होतो. तिथे माझ्या मामेभावाने एक छोटं ९ एमएम पिस्तूल घेतलं आणि पहिल्या १०० राउंडमध्ये ते ७ वेळा अडकलं. दुकानदार म्हणाला, "नवीन आहे, होईल सुरळीत." दादा मला म्हणाला, "तू दिवसभर बगच शोधतोस ना? मग याचा शोध."

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. मी स्वतः त्या पिस्तुलाला हात लावला नाही. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद आहेत, पण रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेतली तरी हा नियम लागू होतो. तिकडे शिकायला गेलेली आपली बरीच मुलं वीकेंडला सहज रेंजवर जातात, म्हणून मुद्दाम सांगतोय. दादा तिथला नागरिक आहे. त्यामुळे तो गोळ्या झाडणार आणि मी मागे वही घेऊन उभा, अशी वाटणी झाली. भारतात ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे, तो सामान्य परवान्यावर मिळत नाही.

एका गोळीमागे काय काय घडतं

आधी काडतूस म्हणजे काय ते बघू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. ट्रिगर ओढला की स्ट्रायकर प्रायमरवर आपटतो, ठिणगी पडते, दारू पेटते आणि गॅसच्या दाबाने गोळी पुढे जाते. त्याच दाबाचा उलटा धक्का स्लाइडला मागे ढकलतो. मागे जाताना स्लाइडवरचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे छोटा आकडा, रिकाम्या पुंगळीला चेंबरमधून ओढून काढतो आणि इजेक्टर तिला बाहेर उडवतो. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे लोटते. पुढे येताना स्लाइड मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलत नेते, ते एका उतारावरून चढून चेंबरमध्ये बसतं. हे सगळं सेकंदाच्या लहानशा भागात उरकतं.

आता आकाराचा प्रश्न. मोठ्या सर्व्हिस पिस्तुलाची नळी साधारण साडेचार इंचांची असते, या छोट्यांची ३ इंचांच्या आसपास. काडतूस मात्र तेच. म्हणजे स्लाइड हलकी, तिला मागेपुढे जायला जागा कमी, आणि तेवढाच धक्का आवरायला स्प्रिंग कडक. मॅगझिनच्या स्प्रिंगलाही पुढचं काडतूस वर आणून ठेवायला कमी वेळ मिळतो. मोठं पिस्तूल थोडं कमजोर काडतूस किंवा थोडी ढिली पकड खपवून घेतं. छोटं घेत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, टाइमिंगला मार्जिनच उरत नाही.

जॅम कसा दिसतो, त्यावरून तो कुठे झाला ते कळतं

"अडकलं" एवढंच लिहिणं म्हणजे "ॲप चालत नाही" अशी तक्रार करण्यासारखं आहे. म्हणून मी दादाला सांगितलं, अडकलं की लगेच झटका देऊ नकोस. नळी टार्गेटकडेच ठेव, बोट ट्रिगरवरून काढ आणि आधी नीट बघ.

काडतुसाचं नाक उतारावर टेकून अडकलं असेल तर गडबड भरण्याच्या टप्प्यात आहे, आणि पहिला संशय मॅगझिनवर. स्लाइड केसभर उघडी राहिली असेल तर चेंबरमध्ये घाण, कोरडी स्लाइड किंवा काडतुसाचं माप, यांपैकी काहीतरी. रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत चिमणीसारखी उभी अडकली असेल तर स्लाइड पुरेशी जोरात मागे गेलेली नाही. तेव्हा एक तर काडतूस कमजोर, नाही तर मनगट ढिलं. मनगटाचं काय, असं वाटेल. पण स्लाइड मागे जायची तर खालची फ्रेम जागेवर राहायला हवी. फ्रेमही हाताबरोबर मागे गेली तर स्लाइडचा जोर त्यातच खर्च होतो. आणि जुनी पुंगळी आतच राहून मागून नवीन काडतूस घुसलं असेल तर एक्स्ट्रॅक्टर तपासायचा. हा जॅम सोडवायला स्लाइड मागे अडकवून मॅगझिन ओढून काढावं लागतं, नुसत्या झटक्याने तो सुटत नाही.

ट्रिगर ओढला आणि नुसतं 'टक' झालं, तर नळी टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबायचं. कधी कधी दारू उशिरा पेट घेते. नंतर काडतूस काढून प्रायमर बघायचा. खोल खड्डा पडलेला असेल तर काडतूस खराब, नुसता ओरखडा असेल तर दोष पिस्तुलाचा.

एक आवाज, ज्यानंतर काहीही करायचं नाही

सेल्फ-डिफेन्स शिकवणारे जॅमवर एक सवय हातात बसवतात: मॅगझिनला खालून थाप, स्लाइडला झटका, पुन्हा तयार. नव्वद टक्के वेळा रीस्टार्टने मोबाईल चालू होतो, तशातला हा प्रकार. पण एका प्रसंगी हीच सवय घातक ठरते.

दुसऱ्या खेपेला दादाच्या एका शॉटचा आवाज 'धाड' असा आलाच नाही, नुसतं 'फट' झालं. धक्काही जवळजवळ नाही. स्लाइड जागची हलली नाही. त्याचा हात सवयीने स्लाइडकडे गेला आणि मागून रेंज ऑफिसर ओरडला, "स्टॉप!" पिस्तूल रिकामं करून, सुटं करून नळी उजेडात धरली तर पलीकडचं दिसेना. गोळी मध्येच रुतून बसली होती. पुंगळीत दारू नव्हती किंवा अगदीच थोडी होती, आणि जवळपास एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी तिथवर पोचली होती. याला स्क्विब म्हणतात. दादाने झटका देऊन पुढची गोळी झाडली असती तर ती रुतलेल्या गोळीवर आदळली असती आणि सगळा दाब हाताजवळ अडला असता. अशा वेळी नळी फुगते, कधी फुटतेही. ९ एमएम काडतुसाचा कमाल दाब अमेरिकन मानकात ३५,००० पीएसआय आहे. गाडीच्या टायरमध्ये आपण साधारण ३० पीएसआय हवा भरतो, त्यावरून अंदाज करा.

म्हणून आवाज किंवा धक्का वेगळा वाटला की तिथेच थांबायचं. नळी आरपार दिसेपर्यंत पुढची गोळी नाही. रुतलेली गोळी रेंजच्या गनस्मिथने काढून दिली.

एका वेळी एकच गोष्ट बदला

नवीन पिस्तुलावर बऱ्याचदा कारखान्यातलं गंज न लागण्यासाठीचं जाड तेल असतं. ते पुसून, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी हलकं तेल लावणं हे पहिलं काम. फार तेल नको, ते ओघळून काडतुसांपर्यंत गेलं तर प्रायमर मरतो.

मग मार्करने मॅगझिनवर १ आणि २ लिहिलं. एवढ्या साध्या गोष्टीने अर्धं कोडं सुटलं. पहिल्या दिवसाच्या ७ जॅमपैकी ४ भरण्याचे होते आणि पुन्हा तपासलं तेव्हा तसेच जॅम फक्त २ नंबरच्या मॅगझिनमध्ये येत होते. त्याच्या वरच्या पत्र्याचा एक ओठ दुसऱ्यापेक्षा थोडा उघडा होता. कंपनीने ते बदलून दिलं. पिस्तुलाला नावं ठेवण्याआधी मॅगझिन तपासा, असं माझं स्पष्ट मत झालंय.

उरलेले ३ चिमणीवाले. काडतुसं सर्वात स्वस्त, ११५ ग्रेनची. ग्रेन हे गोळीचं वजन, ११५ ग्रेन म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम. स्वस्त सरावाची काडतुसं बऱ्याचदा सौम्य भरलेली असतात. तेच पिस्तूल, तोच हात, १ नंबरचं मॅगझिन, आणि दुसऱ्या कंपनीची १२४ ग्रेनची काडतुसं: एकही चिमणी नाही. मग मुद्दाम स्वस्त काडतुसं पुन्हा भरली. दोन्ही हातांनी घट्ट धरल्यावर चालली, एका हाताने धरली की अडकली. म्हणजे काडतूस आणि पकड, दोन्हींचा थोडा थोडा वाटा. यावर जास्त दाबाची 'प्लस पी' काडतुसं हा उपाय इंटरनेटवर खूप सुचवला जातो. त्यांची मर्यादा ३८,५०० पीएसआय आहे आणि मॅन्युअल परवानगी देत नसेल तर ती भरायची नाहीत.

दुकानदाराचं "सुरळीत होईल" अगदीच खोटं नव्हतं. काहर ही छोटी पिस्तुलं बनवणारी कंपनी स्वतःच पहिले २०० राउंड झाडून मगच पिस्तुलावर भरवसा ठेवा असं सांगते. पण वाकडा पत्रा राउंड झाडून सरळ होत नाही.

सरावाची काडतुसं सुरळीत गेल्यावर दादाने घरी ठेवायची पोकळ नाकाची काडतुसं वेगळी तपासली. त्यांचं तोंड रुंद असतं, उतारावर ते अडखळू शकतं, त्यामुळे गोल नाकाची चालली म्हणून ही चालतीलच असं नाही. ती चालली. आता एकच काळजी राहते. पिस्तूल साफ करताना वरचं काडतूस काढायचं आणि पुन्हा भरायचं, असं तेच ते काडतूस उतारावर आपटत राहिलं तर गोळी पुंगळीत हळूहळू आत सरकते, आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. दादा दर वेळी ते काडतूस नव्या काडतुसाच्या शेजारी टेबलावर उभं करतो. किंचित बुटकं दिसलं की ते बाजूच्या डब्यात जातं.