एक मतदार, चार मतं: मोजणार कशी?

मतपत्रिका म्हटलं की आपल्याला एक मतदार आणि एक शिक्का आठवतो. मीरा-भाईंदरचं गणित वेगळं आहे. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत इथे ९५ जागा आणि २४ प्रभाग होते. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, म्हणजे एका मतदाराची चार मतं. हजार मतदारांनी मतदान केलं तर कागद होतात चार हजार. ते आधी जागेनुसार लावायचे, मग उमेदवारांचे गठ्ठे करायचे, रेघेवर पडलेल्या शिक्क्यांचे वाद मिटवायचे. वेळ लागणारच.

पण दुसरी बाजूही पाहू. लोकसभा-विधानसभेला प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या हाताने मोजून यंत्राशी ताडतात. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत व्हीव्हीपॅटच नव्हतं. तिथे शंका आली तर यंत्रातला आकडा पुन्हा वाचता येतो. मतदाराने डोळ्यांनी पाहिलेला कागद मोजता येत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, ते राहिलं. झालं असतं तरी आधीचा निकाल त्यातून तपासला गेला नसता. त्यासाठी त्याच दिवशीचा कागद लागतो. म्हणून आपण मागायचं ते एवढंच: हरलेल्यालाही पुन्हा मोजून बघता येईल असा पुरावा.